चौदातले तीन दिवस

नोकरी काय करतेस असं कोणी विचारलं तर मी सांगते, पेशींना जेवू घालते. अर्धे लोक हसतात, उरलेले विषय बदलतात. पण ते खरं आहे. पणजीच्या बाजूला एका प्रयोगशाळेत मी गेली अकरा वर्षं हेच करते. प्लास्टिकच्या चपट्या पारदर्शक बाटल्या असतात, त्यांना आम्ही फ्लास्क म्हणतो. त्यांच्या तळाशी माणसाच्या पेशींचा एक पातळ थर वाढवायचा, त्यावर गुलाबी पाणी घालायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी ते बदलायचं. पाणी पिवळं पडलं की समजायचं, पेशींचं खाणं संपत आलं. मग रविवार असो की चतुर्थी, कोणाला तरी जावंच लागतं. तो कोणीतरी बहुतेक वेळा मीच असते, कारण हिच्यामागे नवरा नाही, मुलं नाहीत, हिला काय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं आहे.

पेडण्याहून सकाळची बस, म्हापशाला बदली, मग पणजी. संध्याकाळी घरी पोचले की दादा सोप्यावर बसलेला असायचा आणि विचारायचा, गुरांना चारा घातलास का म्हणून. माझ्या पेशींना तो गुरं म्हणायचा. मला राग यायचा नाही. खरंच ते गोठ्यासारखं काम आहे, वेळच्या वेळी करावं लागतं आणि कोणी त्याबद्दल शाबासकी देत नाही.

त्या गुलाबी पाण्यात वासराच्या रक्ताची निवळ मिसळलेली असते, तीही गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराची. हे मी आईला कधीच सांगितलं नाही. आणि ज्या फुप्फुसाच्या पेशी मी सर्वांत जास्त वाढवल्या, त्या कुठल्याशा परदेशी माणसाच्या. त्याला कर्करोग झाला होता. त्याच्या पेशी तेवढ्या देशोदेशीच्या प्रयोगशाळांतून अजून वाढताहेत. नवीन असताना मला ह्याचं फार वाटायचं, घरी येऊन जेवण जायचं नाही. नंतर काही वाटेनासं झालं. फ्लास्कवर नंबर असतो, नाव नसतं, आणि नंबराचं दुःख होत नाही.

ह्या पेशी आम्ही पाळतो त्या विषाणूंसाठी. विषाणू भाकरीच्या बुरशीसारखा कशावरही वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. आमच्याकडे जास्त काम ॲडिनोव्हायरसचं. नाव कोणाला ठाऊक नसलं तरी ओळख सगळ्यांची असते. घसा धरतो, पोरांना जुलाब होतात, डोळे लाल होऊन सकाळी पापण्या चिकटतात, त्यात कितीदा तरी हाच असतो. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यांनाही नंबरच. धडधाकट माणसाला तो आठवडाभर छळतो आणि जातो. नुकत्याच जन्मलेल्या मुलाला मात्र तो असा सोडेलच असं नाही. त्याची आणखी एक खोड आहे. करोनाच्या विषाणूला बाहेरून चरबीचं वेष्टण असतं, ते स्पिरिटने विरघळतं. ह्याला वेष्टणच नाही. स्पिरिट, हाताला लावायचं जेल, असल्या गोष्टींना तो फारसा भीक घालत नाही. म्हणून आमच्याकडे टेबल पुसायला ब्लीचचं पाणी असतं आणि हात धुवायचे ते साबण लावून, घड्याळाकडे बघत. नवीन मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना हेच शिकवते. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्या वर्षी पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. बसमध्ये निम्मे लोक काळा चष्मा लावून बसलेले. आमच्या वाड्यावर घरागणीस कोणी ना कोणी पडलं. मलाही झालं. मी फोन करून मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या डॉक्टर. त्यांनी मला बोलावून घेतलं, बाहेरच्या खोलीत बसवून दोन्ही डोळ्यांतून कापसाची काडी फिरवली आणि हसून म्हणाल्या, घरचाच नमुना मिळाला. मग चौदा दिवस सुट्टी दिली. डोळे आठवड्यात पांढरे होतील, पण चौदा दिवस पुरे होईपर्यंत कोणाला हात लावू नकोस, लहान मुलांच्या तर जवळही जाऊ नकोस, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

माझे डोळे आले त्याच दिवशी वहिनी म्हापशाच्या इस्पितळात बाळंत झाली. मुलगा झाला.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या आठ वर्षांत वहिनीने किती औषधं घेतली, किती उपास केले, वाड्यावरच्या किती बायकांचे टोमणे हसून घालवले, ते मी जवळून पाहिलं आहे. ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. घरात येऊन आठवडा झाला नव्हता तेव्हापासून मला लाडाने बाय म्हणते. आईशी माझं वाजलं की मध्ये पडायची तीच. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर नार्व्याचं, आणि तिची आई पाय मोडून बिछान्याला खिळलेली. म्हणून सगळं आमच्याच घरी करायचं ठरलं. मी त्या दिवसांत आमच्याच घरामागच्या खोलीत एकटी राहत होते. ताट दाराशी येत होतं. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं ऐकू यायचं आणि मी डोळ्यांत थेंब घालत हसायचे. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाचा झाला नसेल.

बारसं अकराव्या दिवशी पडलं. पंधराव्याला ठेवा म्हणून मी सुचवून पाहिलं, पण भटजींनी दिवस दिला होता आणि पार केरीपर्यंतच्या पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. एकुलती एक आत्या मी. आत्या नसेल तर नाव कोण ठेवणार? आईने मला खिडकीजवळ उजेडात नेऊन माझे डोळे पाहिले, स्वच्छ आहेत म्हणाली, आणि आज डोळ्यांचा विषय काढू नको असंही बजावलं. चौदातले तीन दिवस राहिले होते. मी मनाशी म्हटलं, तीन दिवसांनी काय होतं? प्रयोगशाळेत हे वाक्य कोणी बोललं असतं तर मी तिला सुनावलं असतं.

आमच्या घरात बाळाच्या डोळ्यांत पहिलं काजळ आत्या घालते. त्याआधी कोणी घालत नाही. बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मी पर्समधून जेलची छोटी बाटली काढली आणि हातांना चोळली, एकदा नव्हे, दोनदा. बायकांनी कौतुकाने पाहिलं. विहिरीवर जाऊन साबणाने हात धुतले असते तर कोणी ना कोणी विचारलं असतं, मग डोळ्यांचा विषय निघाला असता. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन मी नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले, हसणं झालं. आणि मला रडू आलं. ते छोटं तोंड, मिटलेल्या मुठी, ह्याच्यासाठी आम्ही सगळ्यांनी आठ वर्षं वाट पाहिली होती. मी बोटाने डोळे पुसले. मग त्याच बोटावर काजळ घेतलं आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत घातलं.

नऊ दिवस काही झालं नाही. विसाव्या दिवशी नार्व्याहून निरोप आला की वहिनीच्या आईला फार बरं नाही, नातवाचं तोंड बघायचं म्हणते. चाळीस दिवस बाळ-बाळंतीण बाहेर पडत नाहीत आमच्याकडे. आई नको म्हणत होती. वहिनी कधी हट्ट करणारी नव्हे, त्या दिवशी तिने केला. दादाने गाडी काढली, सकाळी नेलं, वाटेत देवळाच्या पायरीशी क्षणभर थांबले, म्हातारीला बाळ दाखवलं आणि दुपारच्या जेवणाला परत आणलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाळाला ताप आला. दूध घेईना. दुपारपर्यंत श्वास असा भरभर चालला की पोटाजवळची कातडी आत ओढली जात होती. म्हापसा, तिथून मोठं इस्पितळ, काचेची पेटी, नळ्या. डॉक्टरांनी जे शक्य होतं ते सगळं केलं. ह्या विषाणूवर खात्रीचं औषध नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडे नमुन्यांचा डबा आला. नेहमीसारखाच, बर्फात ठेवलेला. मी यादी वाचत गेले. एका नळीपुढे लिहिलं होतं, वय बावीस दिवस, मुलगा, तालुका पेडणे. नाव आमच्यापर्यंत येत नाही, पण मला कशाला हवं होतं नाव? ते मीच तर ठेवलं होतं. मॅडमना सांगून बाजूला व्हायला हवं होतं. नाही झाले. वाटलं, दुसऱ्या कोणाच्या हाताने कशाला. फ्लास्कमधलं गुलाबी पाणी काढलं, त्या परदेशी माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर आमच्या बाळाच्या घशातला थेंब सोडला आणि फ्लास्क उबेच्या कपाटात ठेवला. हात थरथरत नव्हते. ह्याचीच मला पुढे लाज वाटली.

झटपट तपासणीत त्याच संध्याकाळी ॲडिनोव्हायरस निघाला. सहाव्या दिवशी बाळ गेलं.

दात न आलेल्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. दादाने ते उपरण्यात गुंडाळून हातात धरून नेलं. इतकं हलकं ओझं त्याला पेलत नव्हतं. सुतक थोडंच होतं. मी चौथ्या दिवशी कामावर गेले, कारण पेशींचं पाणी पिवळं पडलं असणार होतं. सूक्ष्मदर्शकाखाली तो फ्लास्क ठेवला. निरोगी पेशी लांबट, एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात. ह्या सगळ्या गोल फुगल्या होत्या, तळ सोडून झुबक्याझुबक्यांनी तरंगत होत्या. पुस्तकात द्राक्षांचा घड म्हणतात त्याला. अशा पेशी दिसल्या की आम्ही एकमेकींना बोलावून दाखवतो, छान वाढला म्हणतो. मी कोणालाही बोलावलं नाही. थोडं पाणी लहान कुपीत भरून, नंबर घालून खोल गोठवणीच्या कपाटात ठेवलं. त्याच खणात पंधरवड्यापूर्वी ठेवलेली दुसरी कुपी होती, माझ्या डोळ्यांची.

घरी मात्र कारण कधीच ठरून गेलं होतं. नार्व्याची फेरी. सांत्वनाला येणारी प्रत्येक बाई तेच बोलायची, कोणी दबक्या आवाजात, कोणी वहिनीला ऐकू जाईल असं. नदीकाठचा वारा, देवळातली गर्दी, चाळीस दिवस पाळायला नकोत? आई तर उघडच म्हणाली, "वीस दिसांचां पोर घेवन कोण गो भायर वता?" गाडी दादाने चालवली होती, पण दादाला कोणी काही म्हटलं नाही. वहिनी ऐकून घ्यायची. काही दिवसांनी ती स्वतःच म्हणायला लागली की मीच नेलं, मीच घालवलं. जेवायला बसली की दोन घास खाऊन ताट सरकवायची. तिची आई पुढच्याच महिन्यात गेली, तेव्हा ती माहेरी गेलीसुद्धा नाही. आता कशाला जाऊ, म्हणाली.

आणि मी? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यासाठी प्रयोगशाळा नको, बोटांवर मोजता येत होतं. हा विषाणू अंगात शिरला की ताप यायला साधारण पाच-सहा दिवस लागतात, कधी दहा-बारासुद्धा. आज सकाळी नार्व्याला गेलं आणि उद्या पहाटे तापलं, असं होत नाही. नार्व्याचा संबंध नव्हता. मागे मोजत गेलं की बोट बारशापाशी येऊन थांबत होतं.

हे बोलायला दोन वाक्यं पुरली असती. मी मूग गिळून बसले. स्वतःला सांगत होते की अजून नक्की कुठे आहे? दोन्ही विषाणूंचा प्रकार एकच आहे का ते कळू दे. नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत तपासायला जातील, अहवाल येईल, मग सांगू. अकरा वर्षं मी हेच तर शिकले होते, पुराव्याशिवाय बोलायचं नाही. माझ्या भित्रेपणाला इतकं चांगलं पांघरूण दुसरं मिळालं नसतं.

एकदा वहिनीने सरळ विचारलं. महिना झाला असेल. मी संध्याकाळी हातपाय धूत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

"बाय, तू शिकलेलां. खरां सांग, त्या दिसा नार्व्याक गेलंय म्हणून जालां काय तां?"

मी तोंड पुसत राहिले. टॉवेल खाली घ्यायचा धीर झाला नाही. मी म्हटलं, रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येत नाही. ती आत गेली. "नाही" एवढा एक शब्द मला तेव्हा माहीत होता, आणि तो मी दिला नाही. बाळाला काय झालं ते माझ्या हातून गडबडीत झालं असेल, पण हे मी उघड्या डोळ्यांनी केलं.

तीन महिन्यांनी पुण्याहून अहवाल आला. मॅडमनी मला बोलावलं. एव्हाना मी त्यांना सगळं सांगितलं होतं, माझी कुपी त्यांनीच बरोबर पाठवली होती. दोन्हींचा प्रकार एकच निघाला. मॅडम म्हणाल्या, प्रकार एकच आला म्हणून तो तुझ्याकडूनच गेला असं सिद्ध होत नाही, त्या दिवसांत अर्ध्या तालुक्याचे डोळे लाल होते, ह्यापुढे कागद काही सांगत नाही. मला धीर द्यायला बोलत होत्या आणि शास्त्राला धरूनही होतं. पण त्या बाळाने अर्धा तालुका कुठे पाहिला होता? अकरा दिवस खोलीत, आणि मग माझा हात.

त्या रविवारी दुपारी वहिनी मागच्या पडवीत उकडे तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. डोळे, चौदा दिवस, जेल, काजळ, पुण्याचा कागद, सगळं. नार्व्याचा काही संबंध नव्हता हेही सांगितलं. ती निवडायची थांबली नाही. सांगून झालं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं की ती रडेल, मला मारील, बाळाचं नाव घेईल. तिने तसलं काही केलं नाही.

"नार्व्याचां नाय तां तुका कधी कळलां?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पहिल्याच दिवशी.

"तीन म्हयने. मियां विचारलंय तेन्नासुद्धा गप रवलंस." ती उठली. "आतां ह्यांच चल, आईंक सांग. माका एकटेक सांगून काय उपेग?"

आईला मी आतल्या खोलीत सांगितलं, वहिनी दारात उभी होती. दादा आला, त्यानेही ऐकलं. दादा मोटरसायकल काढून कुठेतरी निघून गेला. आई मात्र पलंगाच्या कडेला ताठ बसून राहिली. मशिनी काहीही सांगतात, म्हणाली. तुझे डोळे मी स्वतः पाहिले होते, साफ पांढरे होते. मी परत पहिल्यापासून समजावायला लागले, दिवस मोजून दाखवले. तिने माझा हात धरून थांबवलं.

"ह्यां भायर खंय बोलू नाको. तुझां लगीन जावचां आसा."

म्हणजे तिला पटलं होतं. मला ते त्या क्षणी कळलं. दोघींतली एक कोणीतरी दोषी असायला हवी, तर ती लेक नको, सून असू दे, एवढा साधा हिशेब. माझी आई वाईट बाई नाही. तिने आयुष्यभर सगळ्यांसाठी खस्ता खाल्ल्या. म्हणूनच ते ऐकणं जास्त जड गेलं. मी दाराकडे पाहिलं तेव्हा वहिनी तिथे नव्हती.

मी आईचं ऐकलं नाही. पुढचे दोन रविवार वाड्यावरच्या ज्या ज्या घरातली बाई बारशाला आली होती, त्या प्रत्येक घरी गेले. अकरा घरं. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, माझे डोळे आले होते, मी लपवलं, माझ्या हातून गेलं, वहिनीचा काही दोष नाही. मला वाटत होतं की बायका शिव्या देतील, दार लावून घेतील. मी त्याची तयारी करून गेले होते, खरं तर मला तेच हवं होतं.

कोणीच विश्वास ठेवला नाही. पहिल्या घरी चहा दिला. दुसऱ्या घरी पाठीवरून हात फिरवला. डोळे त्या वर्षी सगळ्यांचेच आले होते, म्हणाल्या, आमची पोरं काय मेली? हात तर तू आमच्यासमोर औषधाने धुतलेस, दोनदा. भावजयीसाठी एवढं कोण करतं, असली नणंद मिळायला नशीब लागतं. शेवटच्या घरातल्या म्हातारीने मला जवळ बसवून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तिचां तू कित्याक आंगार घेतंस गो?" मी शपथ घेतली. त्यावर ती आणखीच गहिवरली. तीन महिने आधी, त्या बायका नार्व्याचं पहिल्यांदा बोलल्या तेव्हाच मी तोंड उघडलं असतं, तर त्यांना मानावं लागलं असतं. आता त्यांचं ठरून गेलं होतं आणि माझं सांगणं म्हणजे केवळ चांगुलपणा होता.

चांगुलपणाची बातमी पसरली. महिन्याभरात केरीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगी मनाने मोठी आहे, भावजयीला इतका जीव लावते, असं त्यांच्या कानावर गेलं होतं. आई कितीतरी दिवसांनी हसली. त्या लोकांना निरोप दिला की नाही ते विचारायला वहिनी माझ्या खोलीत आली. मी नाही म्हणून कळवलं होतं, तसं सांगितलं. ती कपाटाला टेकून उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, कोणी हवापाणी विचारावं तसं ती बोलली.

"तू सांगितलंस आनी बरां जालंस, बाय. मियां तोंड उघडूक नाय, तरी वाईट ती मियांच."

मला वाटलं की तिचे पाय धरावेत, पण तेही कोणी पाहिलं असतं तर माझ्याच खात्यावर जमा झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नार्व्याला गेली. घर रिकामं आहे, झाडलोट करायला हवी, असं तिने आईला सांगितलं. तिची पिशवी मी स्टँडपर्यंत उचलून नेली, तिने नेऊ दिली. म्हापशाची बस लागल्यावर तिने ती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी जागा मिळाली, आणि समोर बघत बसली. वाड्यावरची एक बाई बसमध्ये होती. ती खिडकीतून वाकून मला म्हणाली, बघ, पोचवायलासुद्धा आली, आणि वहिनीकडे वळून तिला सांगायला लागली की तुला देवमाणूस नणंद मिळाली हो. वहिनीने मान हलवली आणि हो म्हणाली.